सावलीच्या मापाची अँटेना

पत्रेवाला आईला आणायला हातगाडी घेऊन गेला होता, तो रिकामीच गाडी ढकलत परत आला.

धाकटी, त्याची बायको, ओट्यावरच उभी होती. सकाळपासून तिनं आईंची खोली झाडली होती, गादी उन्हात घातली होती, उशीचा अभ्रा बदलला होता. गाडीवर अंथरायला दिलेली सतरंजी जशी घडी करून दिली होती तशीच परत आली. नवऱ्यानं गाडी भिंतीला टेकवली, माठातून भांडंभर पाणी काढलं, सवयीनं अर्धं पायांवर ओतायला वाकला, मग पाण्याची टंचाई आठवली तसा सरळ होऊन सगळं प्यायला.

"काय म्हणाल्या?" शेवटी तिनं विचारलं.

"ती कुठली मालिका बघते ना, तिचा निकाल लागल्यावर येते म्हणाली."

"निकाल कसला?"

"त्यातल्या पोरीचं लग्न ठरतंय की मोडतंय, मला काय माहीत. ते कळल्याशिवाय हलायची नाही."

घरं दोन होती. थोरल्याचं टेकाडावर, ते वरचं घर. धाकट्याचं खाली नदीलगतच्या खळग्यात, ते खालचं. वडील गेल्यावर आईची वाटणी अशी झाली की पीक निघालं की तिनं खाली यायचं आणि पेरणीच्या तोंडावर वर जायचं. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, पण इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. यंदा पाऊस पाठ फिरवून गेला. पीकच निघालं नाही, त्यामुळे आईची खाली यायची वेळ झाली की नाही, यावर कुणी ठामपणे बोलायला तयार नव्हतं. आई तर त्या विषयाला बगलच देत होती.

थोरल्याचं म्हणाल तर दुष्काळ त्याला मानवला होता. तो टँकर चालवायचा. रात्रभर लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचा, सकाळी वाड्यावस्त्यांवर ओतायचा आणि दिवसा झोपायचा. धाकट्याचा धंदा पत्र्याचा. बादल्यांना बुडं घालणं, कोठ्या, नरसाळी आणि मुख्य म्हणजे घरांच्या पन्हाळी. पाऊसच नाही म्हटल्यावर पन्हाळ कोण बसवून घेणार? लोकांनी सांगून ठेवून न नेलेल्या पन्हाळी आणि त्यांचे उभे नळ घराच्या मागच्या भिंतीला रचून ठेवलेले होते. वारा सुटला की त्यांच्यातून हूं हूं आवाज यायचा. धाकटी म्हणायची, या घरात आता पन्हाळीच तेवढ्या बोलतात.

ते काही खोटं नव्हतं. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक अबोल. आई असली की तिची जीभ दिवसभर चालायची. शेंगा सोलताना, कपड्यांना ठिगळ लावताना, जेवताना. त्या बडबडीला धाकटी कधी कधी कंटाळायचीही. आता मात्र दुपारी भांडी घासताना आपण एकट्याच बोलतोय, हे तिच्या ध्यानात यायचं आणि ती गप्प व्हायची.

दुसऱ्या दिवशी टँकर खालच्या वस्तीवर आला. हंड्यांची रांग लागली. थोरला केबिनमधून उतरून नळी सोडत होता. शेजारचा न्हावी पुढेच उभा होता. त्याचा आवाज असा की वस्तीत त्याला भोंगा म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं.

"काय पत्रेवाले, काल गाडी रिकामीच आली," भोंगा म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "आई पसंत करेना वाटतं घर."

"आईला टीव्ही लागतो," मागून कुणीतरी म्हणालं. "खाली काय दिसतंय? मुंग्याच."

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण पत्रेवाल्याची मान खाली गेली. थोरल्यानं नळी एका हंड्यातून दुसऱ्यात टाकली आणि भावाची बाजू घेतल्यासारखा म्हणाला, "त्याचा काय दोष? खळग्यात लागतच नाही. शहरातल्या दुकानदारालाही विचारलं मी. कितीही डोकं आपटा म्हणाला, तिथे काही दिसायचं नाही."

बाजू घेतली होती, पण पत्रेवाल्याला ती टीव्हीच्या मुंग्यांपेक्षा जास्त चावली. हंडा उचलताना अर्धं पाणी त्याच्या पायावर सांडलं. रांगेतल्या बायका हळहळल्या, त्या त्याच्यासाठी नव्हे, पाण्यासाठी.

घरात टीव्ही होता. एका खानावळीचं छप्पर दुरुस्त केलं, तेव्हा मालकानं मजुरीऐवजी जुना संच दिला होता. आल्या दिवसापासून त्यात मुंग्यांखेरीज काही दिसलेलं नव्हतं. धाकटीनं त्याच्यावर विणलेला रुमाल घालून घड्याळ ठेवलं होतं. त्या दिवशी पत्रेवाल्यानं घड्याळ उचलून खिडकीत ठेवलं, रुमाल घडी करून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "अँटेना करतो."

"भावोजींना विचारा की. त्यांची कशी आहे बघून या."

"नाही."

"नुसतं माप घ्यायला."

"त्यांनी दुकानातून आणलीय. मी माप घ्यायला शिडी लावली की वरच्या वस्तीला कळेल, आणि टँकरबरोबर खालच्या."

धाकटीनं रुमाल कपाटात टाकला. हा माणूस हट्टाला पेटला की गोड बोलून उपयोग नसतो, आणि भांडून तर त्याहून नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं सुतळीचा गुंडा घेतला, आईंची धुतलेली दोन लुगडी पिशवीत भरली आणि दुपारी टेकाड चढून गेली.

वरचं घर निपचित होतं. थोरला आतल्या खोलीत घोरत होता. वीज गेलेली होती, म्हणून आई टीव्ही सोडून दारात बसली होती, पाय पसरून. सुनेला बघताच तिचा चेहरा फुलला.

"आलीस? बस. वीज गेलीय, नाहीतर तुला दाखवलं असतं. ती पोरगी आता आजारी पडलीय."

"कुठली पोरगी?"

"अगं, मालिकेतली. लग्न लांबणार बघ आता."

म्हणजे आईंचं येणंही लांबणार. धाकटीनं मनातल्या मनात त्या पोरीला लवकर बरं वाटू दे म्हटलं. मग तिनं वर पाहिलं. अँटेना अंगणाच्या कडेला रोवलेल्या उंच खांबाला, छपराच्याही वर लावलेली. मधे एक दांडा, त्याला आडव्या काड्या, मागची सगळ्यांत लांब, पुढच्या आखूड होत गेलेल्या, मधे एक लांबट कडं. शिडीशिवाय तिथवर हात पोचणं शक्य नव्हतं. तिनं खाली पाहिलं. थोरल्याचं अंगण फरशीचं, सपाट, आणि त्या फरशीवर अख्खी अँटेना पडलेली होती. सावली. काडी न् काडी मोजून घ्यावी अशी.

धाकटी अंगणात उकिडवी बसली. सुतळीचं टोक मागच्या काडीच्या सावलीवर धरलं, दुसऱ्या टोकापर्यंत ताणलं, गाठ मारली. मग पुढची काडी. मधल्या कड्याला दोन गाठी. दोन काड्यांमधलं अंतर घेताना सुतळीचं टोक एका हातानं राहीना, सारखं सुटायचं. तेवढ्यात एक पाय पुढे आला आणि अंगठ्यानं सुतळी दाबून धरली. आईचा पाय.

"काय मोजतेस?"

"अंगण."

"बरं," आई म्हणाली आणि अंगठा हलवला नाही.

दारात जाऊबाई आली. हातात सूप, डोळ्यांवर दुपारची झोप. "काय गं, काय शोधतेयस?"

"कानातलं पडलं," धाकटी पटकन बोलून गेली.

झालं. जाऊबाई स्वभावानं चांगली, तिथेच पंचाईत. तिनं सूप ठेवलं आणि फरशीवर गुडघे टेकून शोधायला लागली. कोपऱ्यातला केर उपसला. फरशीच्या फटीतून काडी फिरवली. "सोन्याचं का गं?" "नाही हो, साधंच." "साधं असलं म्हणून काय झालं." आई दोघींच्या मधे उभी, अंगठ्याखाली सुतळी, तोंडानं चकार शब्द नाही. तिला इतका वेळ गप्प राहिलेलं धाकटीनं पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी धाकटीनं दोन्ही कान चाचपले आणि म्हणाली, "अगंबाई, आज घातलंच नव्हतं." जाऊबाईनं गुडघे झटकले आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू खालच्या खळग्यात राहून डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, ते खरं असावं.

निघताना, पुरतं काम करावं म्हणून, धाकटीनं खांबाचीही सावली पावलांनी मोजून घेतली.

पत्रेवाल्यानं सुतळी हातात घेतली, गाठी चाचपल्या. बायकोकडे बघून त्याला हसूही आलं आणि भरूनही. पण क्षणभरच. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला.

"सावलीवरून घेतलंस?"

"मग काय, उडून जाऊ?"

"कधी? दुपारी कलतं ऊन असताना? खांबाची सावली केवढी होती?"

तिनं सांगितलं. त्याला खांबाची उंची माहीत होती, उभा करायला तोच गेला होता. सावली खांबाच्या दुप्पट निघत होती.

"म्हणजे सगळं दुप्पट मोजलं गेलंय," तो म्हणाला. "ऊन कललं की सावली लांबते. काड्याही दुप्पट पडल्या असणार. निम्म्यानं करायला पाहिजे."

यात त्याचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. भिंत किती उंच, झाड किती उंच, हे तो चढल्यावाचून सांगायचा. जमिनीत काठी रोवायची, तिची सावली बघायची, भिंतीची सावली बघायची आणि हिशेब करायचा. पन्हाळीच्या नळांची मापं त्यानं आयुष्यभर अशीच काढली होती आणि एकदाही चुकला नव्हता.

"पण निम्म्याची फारच लहान होईल," धाकटी म्हणाली. "वरची एवढी मोठी दिसते."

"उंचावर आहे म्हणून मोठी दिसते."

"उंचावरची वस्तू लहान दिसते. विमान बघा."

"विमानाचं वेगळं," तो म्हणाला आणि छिन्नी शोधायला लागला.

पुढचे दिवस खालच्या घरात ठोकाठोकीचे गेले. खानावळीच्या मालकाकडे मोडक्या घडीच्या खुर्च्यांचा ढीग पडून होता, त्यांच्या पायांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या पत्रेवाल्यानं उतरवून आणल्या. वाकलेल्या नळ्या वाळूत ठेवून लाकडी हातोडीनं सरळ केल्या. उन्हात बसून करवत चालवताना त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत जायचा, ॲल्युमिनियमची चंदेरी पूड हाताच्या केसांत अडकायची. कडं करायला एक नळी वाकवायची होती. रिकामी वाकवली तर चेपते, म्हणून धाकटीनं तिच्यात बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या आणि मग दोघांनी मिळून ती जात्याच्या गोलाईवर टेकून हळूहळू वळवली. तो ओढायचा, ती आपलं सगळं वजन टाकायची. नळी एकदाची वळली, तेव्हा दोघं धापा टाकत समोरासमोर बसली आणि कशावर कोण जाणे, हसत सुटली. पुष्कळ दिवसांनी.

कडं दांड्याला धातूनं टेकता कामा नये, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. त्यानं आपल्या जुन्या रबरी चपलेचा तळवा कापून मधे घातला. खांबासाठी पन्हाळीचे नळच एकात एक बसवून उंच केले.

अँटेना चढवायच्या दिवशी वस्ती गोळा झाली. पत्रेवाला छपरावर, धाकटी टीव्हीसमोर, आणि खिडकीत भोंगा, निरोप पोचवायला.

"दिसतंय का?"

"मुंग्या!" भोंगा ओरडला.

"आता?"

"मुंग्याच!"

"आता?"

"आता जरा मोठ्या मुंग्या!"

बाहेर हशा पिकला. ऊन उतरेपर्यंत पत्रेवाला छपरावर खांब फिरवत राहिला. पत्र्याच्या चटक्यानं तळपाय भाजले, तरी चप्पल घालायला उतरला नाही, कारण उतरलं की लोकांतून जावं लागलं असतं. सगळे पांगल्यावर तो उतरला. जेवला. खोबरेल तेल घेऊन धाकटी त्याच्या तळपायाला लावायला बसली, तसा पाय आखडून घेत म्हणाला, "दादा बरोबर म्हणाला होता. इथे काही व्हायचं नाही."

"पाय सोडा."

"आईला काय करायचंय इथे येऊन? बरी आहे तिकडे."

धाकटीनं पाय ओढून घेतला आणि जरा जोरातच तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी ती आईंची गादी पुन्हा उन्हात घालत होती. खरं तर गरज नव्हती, पण ती घातली नाही तर आई येणार नाहीत हे मान्य केल्यासारखं झालं असतं. अंगणात दोन खांबांवर आडवा बांबू होता, त्यावर तिनं गादी टाकली. सकाळचं ऊन. खांबांच्या सावल्या लांबलचक पसरलेल्या, पार कुंपणाबाहेर. आडव्या बांबूची सावली मात्र बांबूएवढीच. तिनं दुर्लक्ष केलं. गादी पलटायला गेली तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता. खांबांच्या सावल्या आखडून पायाशी आलेल्या. बांबूची सावली जवळ सरकली होती, पण लांबीला तेवढीच. धाकटीनं हातातली गादी तशीच सोडली. एक टोक धुळीत पडलं.

तिनं केरसुणीचा दांडा उभा धरला, सावली बघितली. आडवा धरला. उभा, आडवा. मग आत जाऊन नवऱ्याला बाहेर ओढून आणलं.

"हा बघा. उभ्याची सावली लहानमोठी होते. आडव्याची होत नाही."

तो डोळे चोळत बघत राहिला.

"काड्या आडव्या आहेत," ती म्हणाली. "मी मोजलं ते बरोबर होतं."

पत्रेवाल्यानं दांडा तिच्या हातातून घेतला. उभा धरला, आडवा धरला. आयुष्यभर भिंती मोजल्या, झाडं मोजली, सगळं उभंच. आडव्याची सावली मोजायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. चुकलो, असं तो म्हणाला नाही. दांडा भिंतीला टेकवला, अंगण ओलांडून दारापाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "ती गाठीची सुतळी कुठे ठेवलीस?"

तिला तेवढं पुरलं.

कापलेल्या नळ्या आता आखूड होत्या, पण त्यांचे उरलेले तुकडे ढिगात पडलेच होते. ॲल्युमिनियमला सांधायचा कथलाचा डाग धरत नाही, म्हणून त्यानं पन्हाळीच्या पत्र्याची नळकांडी वळली, दोन तुकड्यांची टोकं त्यात घालून रिव्हेट मारले, वरून ठोकून घट्ट केलं. हे काम त्याचंच होतं, त्यात चूक व्हायला जागा नव्हती. कडं मात्र पुन्हा वाळू भरून नव्यानं वळावं लागलं. तयार झालेली अँटेना काही दुकानातली वाटत नव्हती. प्रत्येक काडीला मधे मधे फुगीर पेरं, संधिवाताच्या बोटांसारखी. पण सुतळी तिच्यावर ताणली तर गाठ न् गाठ जुळत होती.

या खेपेला कुणाला बोलावलं नाही. भोंगा मात्र न बोलावता आला. तो काही टाळता येण्यासारखा माणूस नव्हता.

पत्रेवाल्यानं अँटेना टेकाडाकडे तोंड करून बसवली, थोरल्याची होती त्याच दिशेला. शहर तिकडेच होतं.

"मुंग्या," खिडकीतून निरोप आला. या वेळी भोंग्यानंही आवाज बेतानं काढला होता.

त्यानं ती जरा डावीकडे फिरवली. मुंग्या. उजवीकडे. मुंग्या. टेकाड समोर भिंतीसारखं उभं होतं. धाकटी आत टीव्हीसमोर बसलेली, डोळे जळजळायला लागलेले. तिला वाटलं, माप बरोबर निघूनही काही उपयोग नाही असं झालं, तर हा माणूस पुन्हा छपरावर चढणार नाही. आणि आईंच्या खोलीत हळूहळू पन्हाळी ठेवल्या जातील.

"अहो," तिनं खिडकीतून मान काढून हाक मारली, "टेकाडाकडे कशाला धरताय? टेकाडाला काय दिसतंय? जिकडे उघडं आहे तिकडे करा."

उघडं एकाच बाजूला होतं. नदी जिथून बाहेर पडते ती खिंड. पत्रेवाल्यानं खांबाला मिठी मारली आणि तो पार उलटा फिरवला.

मुंग्या थबकल्या. मग एका बाजूला गोळा झाल्या, जशी दुधावरची साय सरकते. त्यातून एक कपाळ आलं. मग डोळे. एक बाई स्वच्छ त्यांच्याकडे बघत होती.

"आली," धाकटी म्हणाली. तिचा आवाज खिडकीपर्यंतही पोचला नाही. भोंग्याला मात्र ती अडचण नव्हती. तो खिडकीतून अंगणात, अंगणातून बांधावर आणि तिथून टेकाडाकडे तोंड करून ओरडला, "चित्र आलं! आईला सांगा, खाली चित्र आलं!"

टेकाडावरून कुणीतरी हात हलवला. निरोप पोचला.

पत्रेवाला घाईघाईनं उतरला, दारातूनच चित्र पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसला. मग धाकटीनं आवाजाचं बटण फिरवलं.

बाई बोलत होती. नीट, खणखणीत बोलत होती. तिघांनीही कान दिला. त्यातला एक शब्दही त्यांना कळेना.

"खिंडीपलीकडच्या मुलखाचं केंद्र आहे," भोंगा म्हणाला आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलला नाही.

"आपलं नाही लागायचं?" धाकटीनं विचारलं.

"आपलं टेकाडामागे आहे," पत्रेवाला म्हणाला. त्यानं उठून बटण उलटं फिरवलं. बाईचे ओठ हलत राहिले, आवाज बंद झाला. वरून टँकरचा हॉर्न ऐकू आला. रिकामा टँकर खडखडत टेकाड उतरत होता.

थोरल्यानं आईला केबिनमधून हात धरून उतरवलं. तिच्या कपड्यांची वळकटी अजून गाडीतच होती. "आधी बघू दे म्हणाली," थोरला म्हणाला. "मग ठरवते म्हणाली." त्यानं छपरावरच्या पेरापेरांच्या अँटेनाकडे निरखून पाहिलं, दोनदा मान हलवली. "कशावरून केलीस?"

"असंच," पत्रेवाला म्हणाला.

आई आत जाऊन खाटेवर बसली, धाकटीनं नुकत्याच उन्हातून आणलेल्या गादीवर. पडद्यावर एक तरुण आणि एक म्हातारी समोरासमोर बसली होती. आई बघत राहिली. पत्रेवाला टीव्हीच्या बाजूला उभा, बटण झाकलं जाईल असा. धाकटी त्याच्या हाताकडे बघत होती. नखांत ॲल्युमिनियमची पूड भरलेला तो हात लुंगीला सारखा पुसला जात होता.

"चांगलं स्वच्छ दिसतंय," आई म्हणाली. "आणि आवाज का बंद? कोण झोपलंय?"

"कुणी नाही."

"मग कर की मोठा. तिकडे दिवसभर असंच बघते मी. हा झोपलेला असतो ना."

पत्रेवाल्यानं बायकोकडे पाहिलं. सुटका नव्हती. त्यानं बटण फिरवलं. तरुण काहीतरी भरभर म्हणाला, म्हातारीनं त्याला उत्तर दिलं. खोलीत नुसता त्यांचाच आवाज.

"दुसरी भाषा आहे, आई," तो खाली बघत म्हणाला. "आपलं केंद्र इथे लागत नाही. खूप फिरवून बघितलं."

आईनं मान पुढे केली आणि बराच वेळ ऐकलं. थोरला दारात उभा होता. त्यानं किल्ली बोटात फिरवली. "चल मग, आई," तो समजुतीनं म्हणाला, "मला विहिरीवर नंबर लावायचाय. त्याच्या मनासारखं झालं, बघून झालं. तुझी मालिका लागेल इतक्यात."

धाकटीनं आईंच्या पायातली चप्पल पाहिली. आईंनी ती काढली नव्हती.

"ती म्हातारी त्याची आई नाही," आई म्हणाली.

"कुठली?"

"ही. हिचं बघ ना, त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतेय. काहीतरी मागायला आलाय तो. सासू असणार." तिनं पाय वर घेऊन मांडी घातली. चपला खाटेखाली पडल्या. "थोरल्या, माझी वळकटी उतरव गाडीतून."

"अगं, पण तुला कळणार काय यातलं?"

"तुमच्याकडे कळतं, तर मला बोलू देत नाही कुणी. दिवसा हा झोपलाय म्हणून गप्प, संध्याकाळी सगळ्यांना ऐकायचंय म्हणून गप्प. खरं सांगते, टीव्हीसाठीच राहिले होते तिकडे. पण गप्प बसून बसून तोंडाला कीड लागायची वेळ आली. इथे कुणालाच काही कळत नाही, तर मी सांगेन ते ऐका."

बाहेर जाऊन पत्रेवाल्यानं स्वतःच वळकटी उतरवली, आत आणून खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसला, आईच्या गुडघ्याला पाठ लावून. धाकटी पलीकडे बसली.

"आणि ती दारातली कोण, आई?" तिनं विचारलं.

"ती त्याची बायको. रुसून माहेरी आलीय. हा न्यायला आलाय, आणि सासू पाठवायला तयार नाही."

"का पाठवत नाही?"

"सांगते. बघ ना पुढे."

थोरला किल्ली घेऊन उभाच होता. मग जरा उंबऱ्यावर टेकला. पडद्यावर आणखी एक माणूस आला, मिशीवाला, हातात पिशवी.

"हा सासरा," थोरला म्हणाला. "नाही, थांब, हा भाऊ असणार, कारण त्याच्या..."

"गप्प बस रे," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ऐकू दे."